पेन्सिलच्या व्यक्तिचित्रातली रेषा पाहायला शिकूया

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसीसारख्या गावात पेन्सिलने काढलेलं व्यक्तिचित्र समोर येतं ते ठरावीक निमित्तांनी. १४ एप्रिलला शाळेतल्या एखाद्या मुलीने बाबासाहेबांचं चित्र काढलेलं असतं. गुरुजी सेवानिवृत्त होतात तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना त्यांचंच चित्र भेट मिळतं. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की मोबाइलमधल्या फोटोवरून कुणाकडून तरी चित्र काढून घेतलं जातं. या सगळ्या वेळी पाहणारे एकच गोष्ट तपासतात: चेहरा जुळला का? जुळला की ‘अगदी हुबेहूब!’ म्हणायचं आणि चित्र भिंतीवर लावायचं.

चेहरा जुळणं महत्त्वाचं आहेच. पण तेवढ्यासाठी फोटोही पुरतो. हाताने काढलेल्या चित्रात फोटोपेक्षा जास्तीचं जे असतं, ते रेषेत असतं. चित्रकाराने समोरच्या माणसाकडे किती लक्ष देऊन पाहिलं, तो कुठे थांबला, त्याला काय भावलं, काय सोडून द्यावंसं वाटलं, या सगळ्याची नोंद रेषेत उतरते. ती वाचायला कुठल्याही पदवीची गरज नाही. थोडा वेळ काढायचा आणि काय शोधायचं ते ठाऊक हवं. या लेखात तेच सांगतो.

आधी पेन्सिल ओळखा

पेन्सिलीतलं ‘शिसं’ म्हणजे खरं तर ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचं भाजलेलं मिश्रण. निकोला-झाक काँते या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. माती जास्त तर पेन्सिल कठीण आणि रेषा फिकट. ग्रॅफाइट जास्त तर पेन्सिल मऊ आणि रेषा काळीभोर. पेन्सिलीवर छापलेला ‘एच’ कठीणपणा दाखवतो आणि ‘बी’ काळेपणा. शाळेत लिहायला वापरतो ती बहुधा एचबी, म्हणजे दोन्हींच्या मधली. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनच्या किंवा अप्सराच्या ड्रॉइंग पेन्सिली आदिलाबादच्या स्टेशनरी दुकानात मागितल्या, तर २बी, ४बी, ६बी असे आकडे त्यांवर दिसतील.

चित्र पाहणाऱ्यालाही हे माहीत असलेलं बरं. संपूर्ण चेहरा एचबीने काढला असेल तर गडद जागा करड्याच राहतात आणि चित्र दबल्यासारखं वाटतं. ६बी जोरात दाबून चालवली असेल तर काळ्या जागा उजेडात चकाकतात आणि केसांऐवजी चकाकीच नजरेत भरते. जाणता चित्रकार एकाच चेहऱ्यात दोन-तीन पेन्सिली वापरतो. गालासाठी कठीण, बुबुळासाठी मऊ. कागदाचंही तसंच. गुळगुळीत कागदावर रेषा सलग धावते. खरखरीत कागदावर ती कागदाच्या उंचवट्यांवरून उड्या मारत जाते आणि मध्ये पांढरे कण सोडते. उन्हातान्हात रापलेल्या चेहऱ्याला हे पांढरे कण फार शोभून दिसतात.

चित्र तीन अंतरांवरून पाहा

पहिल्यांदा पाच-सहा पावलं मागे जा. तिथून चेहऱ्याचा एकूण झोक दिसतो: मान ताठ आहे की कललेली, खांदे पडलेले आहेत की उचललेले. माणूस ओळखू येतो तो आधी या झोकावरून, नाकडोळे नंतर. लांबूनच जर ‘हे तर आपले काका’ असं वाटलं, तर चित्रकाराने मुख्य गोष्ट पकडली आहे.

मग हाताच्या अंतरावर या. इथे छायाप्रकाश आणि रेषा दोन्ही एकदम दिसतात. सर्वांत गडद जागा कुठे आहे आणि सर्वांत मोकळी कुठे, ते शोधा. नजर आपोआप गडद जागेकडे जाते. ती जागा डोळ्यांत असेल तर चित्रकाराला नजरेबद्दल काही सांगायचं आहे. ती गळ्यातल्या माळेत किंवा शर्टाच्या बटणात असेल, तर लक्ष विनाकारण तिकडे ओढलं जातं.

शेवटी वीतभर अंतरावर जा. खिडकीचा उजेड एका बाजूने कागदावर पडेल असं चित्र धरा. जोरात दाबलेल्या रेषेची खाच कागदात दिसते. मग मनातल्या मनात, किंवा हवेत बोट फिरवून, एखादी लांब रेषा गिरवून पाहा. ती कुठून सुरू झाली, कुठे वळली, कुठे उचलली गेली, हे हाताला कळतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी हाताच्या या हालचालीतून उमगतात.

रेषेत काय शोधायचं

दाब. शेतात औत हाकणाऱ्याने मूठ कुठे दाबली आणि कुठे सैल सोडली, हे तासाकडे पाहून जाणत्याला कळतं. पेन्सिलच्या रेषेचंही तसंच आहे. हनुवटीच्या खाली, नाकपुडीत, ओठांच्या कोपऱ्यात रेषा जाड व्हावी आणि उजेडाकडच्या गालावर विरळ व्हावी. जाड-बारीक होणाऱ्या रेषेमुळे छटा न भरताही चेहऱ्याला गोलाई येते. सगळा चेहरा एकाच जाडीच्या तारेने वेढल्यासारखा दिसत असेल, तर ती रेषा हद्द दाखवते, पण शरीराचा भरीवपणा दाखवत नाही.

वेग. झपकन ओढलेली रेषा टोकाला निमुळती होते. सावकाश, चाचपडत काढलेली रेषा बारीक थरथरते. दोन्हींना आपापली जागा आहे. केसांची बट, पटक्याचा फेर, पदराची कड वेगाने यावी. पापणीची कड सावकाश. सगळ्याच रेषा संथ असतील तर चित्र जखडतं, आणि सगळ्याच वेगवान असतील तर चेहऱ्यावर नजर ठरत नाही.

सोडलेली रेषा. कान, कपाळ किंवा खांदा यांची कड मध्येच सोडून दिलेली दिसली, तर काम अपुरं राहिलं असं लगेच समजू नका. उजेडाने भरलेल्या जागी कड खरोखरच दिसेनाशी होते. तिथे चित्रकार थांबतो आणि उरलेली कड पाहणाऱ्याचा डोळा पुरी करतो. तुमच्या डोळ्याने ती कड सहज पुरी केली, तर सोडण्याची जागा बरोबर निवडली आहे. ती जागा तुटल्यासारखी खटकली, तर नाही.

शोधरेषा. मुख्य रेषेच्या आजूबाजूला फिकट, एकमेकींवरून गेलेल्या दोन-तीन रेषा राहिलेल्या असतात. खांदा आधी वर धरला, मग खाली आणला, हे त्यांतून दिसतं. पालक मुलांना सांगतात, ‘हे खोडून स्वच्छ कर.’ तसं सांगू नका. चित्रकाराने पुन्हा पुन्हा पाहून खात्री करून घेतली, याचा तो पुरावा आहे. शोधरेषांमुळे चित्रातल्या माणसात किंचित हालचालही जाणवते.

दिशा. छटा भरताना मारलेल्या रेघा गालाच्या गोलाईबरोबर वळतात का, कपाळावर आडव्या आणि नाकाच्या बाजूला उतरत्या होतात का, ते पाहा. दिशा बदलली की हाड, मांस आणि कातडी यांची जाण दिसते. सगळीकडे एकाच तिरक्या दिशेच्या रेघा असतील तर चित्राला एकसंधपणा येतो, पण मग गोलाई दाखवण्याचा सगळा भार त्यांच्या फिक्या-गडदपणावर पडतो. बोटाने किंवा कापसाने घासून सगळं गुळगुळीत केलं असेल, तर कातडी मऊ दिसते. पण रेघांबरोबर हाताचं बोलणंही पुसलं जातं.

एक चेहरा, जवळून

समजा, समोर एका आजीचं चित्र आहे. डोईवर पदर, कानाच्या पाळ्या दागिन्यांच्या वजनाने लांबलेल्या, तोंडात दात नाहीत. असे चेहरे पैनगंगेच्या दोन्ही काठांवर घरोघरी आहेत. अशा चित्रात प्रत्येक सुरकुती मोजून काढण्याचा मोह होतो. पाहणारेही ‘एकेक सुरकुती काढली बघा!’ म्हणून वाखाणतात. पण सुरकुत्यांच्या संख्येपेक्षा त्यांतली कुठली गडद आहे, ते पाहा.

डोळ्यांपासून सुरुवात करा. वरच्या पापणीची कड खालच्या पापणीपेक्षा ठळक हवी, कारण तिची सावली डोळ्यावर पडते. खालची पापणी जवळजवळ नुसती सूचित केलेली असावी. दोन्ही सारख्याच काळ्या झाल्या की डोळा चिकटवल्यासारखा दिसतो आणि नजर रोखलेली वाटते. म्हाताऱ्या माणसाची वरची पापणी बाहेरच्या कोपऱ्यात खाली ओघळलेली असते. ती एक छोटी उतरती रेषा बरोबर जमली, तर वय सांगायला आणखी पन्नास सुरकुत्या लागत नाहीत.

मग तोंड. दात गेले की ओठ आत वळतात, ओठांची बाह्यरेषा जवळपास नाहीशी होते आणि दोन ओठांमधली फट तेवढी उरते. चांगल्या चित्रात ही फट एका जाडीची नसते. कोपऱ्यात दाब, मध्ये सैल. आजी हसू दाबून बसली होती की कंटाळली होती, हे त्या कोपऱ्यातल्या जरा वर किंवा खाली गेलेल्या टोकावरून कळतं.

आता पदर. कपाळावरून कानामागे आणि तिथून खांद्यापर्यंत येणारी ती लांब रेषा एका ओढीत आली आहे का? ती एका दमात आली असेल, तर तिच्या मोकळेपणामुळे चेहऱ्यावरचं बारीक काम उठून दिसतं. लुगड्यावरचं प्रत्येक फूल काढलं असेल, तर चेहरा त्या गर्दीत मागे पडतो. किती सोडायचं हे ज्याला कळतं, त्याची रेषा बोलते.

थोरांच्या रेषा

कागदावरच्या या गोष्टी मोठ्या चित्रकारांकडे पाहिल्या की पक्क्या होतात. त्यांची चित्रं आज मोबाइलवर मोठी करून पाहता येतात.

आँग्र हा फ्रेंच चित्रकार १८०६ ते १८२० या काळात रोममध्ये राहत होता. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर त्याचे आश्रयदाते गेले आणि रोमला येणाऱ्या प्रवाशांची पेन्सिल-चित्रं काढून त्याने दिवस काढले. त्याने आयुष्यात केलेल्या अशा चित्रांची संख्या साडेचारशेच्या आसपास आहे. १८१९ मध्ये काढलेलं व्हायोलिनवादक पागानिनी याचं चित्र पाहा. चेहरा बारीक छटांनी घडवलेला, आणि कोट मात्र मोकळ्या, धावत्या रेषांत. लक्ष कुठे द्यायचं आणि हात कुठे सैल सोडायचा, याचा हा उत्तम धडा आहे.

केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीने १९३३ मध्ये कोळशाने स्वतःचं चित्र काढलं. ते आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. माध्यम कोळसा असलं, तरी रेषेचा धडा पेन्सिलीलाही तोच. तिचा मुलगा १९१४ मध्ये महायुद्धात गेला होता आणि १९३३ मध्येच नाझी राजवटीत तिला कला अकादमीतून बाहेर पडावं लागलं. चित्रात ती बाजूने दिसते, हातात कोळसा घेऊन कागदावर काम करताना. चेहरा शांत आणि नेमका. पण दंडाच्या जागी हात काढलेलाच नाही. तिथे वरखाली जाणारी नागमोडी, जोरकस रेघ आहे. शरीरशास्त्राच्या हिशेबाने तो हात नव्हे, पण काम करणाऱ्या हाताची सारी ताकद त्या रेघेत आहे. साठी ओलांडलेल्या बाईने स्वतःबद्दल काय सांगितलं, ते तिथे कळतं.

आपल्याकडे ही जाण फार जुनी आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात असा विचार आला आहे की आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार छायाप्रकाशाची, स्त्रिया दागिन्यांची, आणि इतर लोक रंगांच्या श्रीमंतीची. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची भुवई आणि झुकलेली पापणी पाहिली की आचार्यांचं मत पटतं. रंग ठिकठिकाणी उडाले, भिंत खरवडली गेली, तरी रेषेने ती करुणा धरून ठेवली आहे. १९५६ पर्यंत अजिंठा आणि आदिलाबाद दोन्ही एकाच हैदराबाद राज्यात होते, म्हणून आपल्या भागाने तरी तो वारसा परका मानू नये.

कागदावरच्या रेखाटनाचीही मराठी मुलखात परंपरा आहे. पुण्यात पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी गंगाराम तांबट यांनी १७९० च्या दशकात वेरूळची लेणी, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, व्यायाम करणारे मल्ल अशी चित्रं काढली. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तिथे विद्यार्थी म्हणून आलेले आणि पुढे तिथेच शिक्षक झालेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) घरात, रस्त्यावर, प्रवासात सतत रेखाटनं करत राहिले. त्यांच्या मोठ्या तैलचित्रांतल्या माणसांची सहज बसण्या-उठण्याची ढब या सरावातून आली आहे.

फोटोवरून काढलेलं चित्र पाहताना

फोटोवरून चित्र काढण्यात गैर काही नाही, आणि गेलेल्या माणसासाठी दुसरा मार्गही नसतो. फक्त फोटोच्या मर्यादा लक्षात ठेवा. मोबाइल तोंडाजवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान दिसतात. फ्लॅशमुळे सावल्या नाहीशा होतात आणि चेहरा सपाट होतो. चौकोन आखून, फोटोतला एकेक चौकोन कागदावर उतरवला की या चुकाही इमानदारीने उतरतात.

म्हणून चित्र काढून घ्यायचं असेल तर एकाऐवजी चार-पाच फोटो द्या, शक्यतो दाराशी, बाजूच्या उजेडात काढलेले. आबा कसे बसायचे, बोलताना मान कुठे वळायची, खांद्यावर दस्ती कुठल्या बाजूला असायची, हे चित्रकाराला तोंडी सांगा. माणूस हयात असेल तर चित्रकारासमोर अर्धा तास बसवा. समोर बसलेला माणूस हलतो, श्वास घेतो, बोलतो. त्या अर्ध्या तासात चित्रकार जे पाहतो, ते कुठल्याच फोटोत नसतं.

दाद कशी द्यायची

चित्र काढणाऱ्या मुलाला ‘छान’ एवढंच म्हटलं तर त्याला बरं वाटतं, पण पुढे काय करायचं ते कळत नाही. बोट ठेवून सांगा: ‘हनुवटीखालची ही रेषा मला आवडली, इथे जडपणा आला आहे.’ ‘इथे गालाची कड तू सोडलीस, तरी गाल दिसतो.’ शंका असेल तर प्रश्न विचारा: ‘दोन्ही डोळे इतकेच गडद होते का?’ ‘उजेड कुठून येत होता?’ ‘ती गप्प बसली होती की बोलत होती?’ प्रश्नाचं उत्तर शोधताना मूल पुन्हा माणसाकडे बघतं, आणि तिथेच त्याचं शिक्षण होतं.

राज्याच्या सीमेपलीकडे किनवट-माहूरची मुलं महाराष्ट्राच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना बसतात. इकडे तेलंगणात ड्रॉइंगच्या लोअर आणि हायर परीक्षा आहेत. परीक्षेत स्वच्छ, नीटनेटक्या कामाला मान असतो आणि तो असावा. पण त्याबरोबर मुलाकडे एक वेगळी वही असू द्या, जिथे खोडरबर लागणार नाही आणि गुण कुणी देणार नाही.

स्वतः हात चालवून पाहा

रेषा पाहायला शिकण्याचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे ती काढून पाहणं. चित्र येत नसलं तरी चालेल. घरात कुणी शेंगा सोलत किंवा डाळ निवडत बसलं असेल, तर समोर बसा. डोळे त्या चेहऱ्यावर ठेवा आणि कागदाकडे न पाहता, पेन्सिल न उचलता, कपाळापासून हनुवटीपर्यंत नजर जशी सरकेल तशी पेन्सिल सरकू द्या. चित्र वेडंवाकडं येईल. तरी एखाद्या ठिकाणी, नाकाच्या शेंड्याला किंवा ओठाच्या वळणाला, रेषा अशी जिवंत येते की थक्क व्हायला होतं. तिथे तुम्ही खरोखर पाहिलेलं असतं. हे काही वेळा केलं की दुसऱ्याच्या चित्रातल्या अशा जागा आपोआप दिसू लागतात.

चित्र सांभाळताना

पेन्सिलचं चित्र उजेडाने उडत नाही, पण घासल्याने बिघडतं. दुकानात मिळणारा फिक्सेटिव्हचा फवारा हातभर लांबून, हलका मारा. केसांचा स्प्रे वापरू नका, त्याने कागद पिवळा पडतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. एकदा चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. फ्रेम करताना कडेने जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा, म्हणजे काच चित्राला टेकणार नाही. फ्रेम होईपर्यंत वर बटर पेपर ठेवा आणि चित्राची गुंडाळी करू नका.

एक काम मात्र सगळ्यांत आधी करा. चित्राच्या मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने चार गोष्टी लिहून ठेवा: चित्र कुणाचं, कुणी काढलं, कुठे आणि कधी. रुडयार्ड किपलिंगचे वडील लॉकवूड किपलिंग जे. जे.मध्ये शिकवत असताना, १८७० पासूनच्या काही वर्षांत, त्यांनी देशातल्या कारागिरांची सुरेख रेखाटनं केली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ती जपलेली आहेत. पण त्यांतली बरीच माणसं आज ‘लाकडावर कोरीव काम करणारा’, ‘विणकर’ अशा ओळखीनेच उरली आहेत. आपल्या गावातल्या माणसांचं तसं होऊ देऊ नका. त्यांचं नाव चित्राच्या मागे लिहायला एक मिनिट लागतं. ज्या मुलाने त्यांच्याकडे इतकं निरखून पाहिलं, त्याचंही नाव त्याच ओळीत लिहा.